कायद्याचा सल्ला : चेक परत आला, नोटीस आली, आता?

प्रश्न : ताई, वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) माझं छोटं वर्कशॉप आहे. पत्रा कापून, वाकवून इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवतो. तीन कारागीर आणि मी. जानेवारीत एका पेढीवरून ३ लाख ८० हजारांचा पत्रा उधारीवर उचलला. शेठनी ३१ मार्च तारखेचा चेक मागितला, तो दिला. शिवाय ‘सिक्युरिटी’ म्हणून एक कोरा चेक सही करून घेतला. मार्चमध्ये मी १ लाख २० हजार त्यांच्या खात्यात ऑनलाइन भरले. बाकीचे भरणार होतो, पण ज्या कंपनीला पेट्या दिल्या तिने माझे पैसे अडकवले. एप्रिलमध्ये शेठनी पूर्ण ३ लाख ८० हजारांचा चेक बँकेत टाकला आणि तो रिटर्न झाला. २५ एप्रिलला वकिलाची नोटीस आली, माझ्या आणि पत्नीच्या दोघांच्या नावाने, कारण बचत खातं जोडीचं आहे. चेकवर सही एकट्या माझी. पत्नीला मी अजून काही सांगितलेलं नाही. मित्र म्हणतात, चेक हरवल्याची पोलिसांत तक्रार दे. दुसरा म्हणतो, नोटिशीला उत्तरच देऊ नको. पोलीस घरी येतील का? तिला अटक होईल का? रात्री झोप लागत नाही. (नाव छापू नये.)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र २९ एप्रिलला माझ्या हातात पडलं. अंक छापून येईपर्यंत तुमचे दिवस संपले असते, म्हणून मी त्याच संध्याकाळी पत्राखालच्या नंबरावर फोन केला. तेव्हा जे बोललो आणि पुढे जे घडलं, ते तुमच्याच परवानगीने इथे लिहिते आहे. अशी नोटीस हातात घेऊन बसलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांना पहिला सल्ला मित्रांकडून मिळतो.

आधी झोपेचं बघू. चेक न वटल्याचा गुन्हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट या १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ खाली येतो. हे कलम मूळ कायद्यात नव्हतं, ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. यात पोलीस तुम्हाला उचलायला येत नाहीत. ज्याचा चेक परत आला तो स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर लेखी तक्रार करतो, कोर्टाला त्यात दम दिसला तर समन्स निघतं, तुम्ही वकिलासह हजर होता आणि जामीन मिळतो. गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन हा तुमचा हक्क आहे. मात्र समन्स येऊनही घरी बसलात तर वॉरंट निघतं, आणि ते घेऊन पोलीस येतात. मी वकिली केली त्या वर्षांत, आधी सुरसागराजवळच्या न्यायमंदिरात आणि नंतर दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात, ज्यांना पोलिसांनी घरून आणलेलं पाहिलं ते जवळजवळ सगळे तारखेला न येणारे होते. रकमा बऱ्याचदा किरकोळ असायच्या.

शिक्षा मात्र किरकोळ नाही. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ‘उत्तरच देऊ नको’ म्हणणाऱ्या मित्राचा चहा प्या, सल्ला घेऊ नका.

आता दिवस मोजू. फोनवर मी तुम्हाला सगळ्यात आधी विचारलं ते हेच, की पाकीट नक्की कोणत्या तारखेला हातात आलं. तुम्ही म्हणालात, पंचवीस, सही करून घेतलं. मग २६ एप्रिल हा पहिला दिवस आणि १० मे हा पंधरावा. या पंधरा दिवसांत चेकची मागितलेली रक्कम चुकती झाली तर कलम १३८ चा गुन्हा पुरा होतच नाही. चेक परत आला त्या दिवशी तुम्ही गुन्हेगार झाला नाहीत. नोटीस मिळून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर सोळाव्या दिवशी समोरच्याला तक्रारीचं कारण मिळतं, आणि तिथून एका महिन्याच्या आत त्याने कोर्टात जायचं असतं. हे पंधरा दिवस कायद्याने मुद्दाम ठेवले आहेत. ज्याच्या मनात फसवायचं नव्हतं, ज्याचे पैसे खरोखरच कुठेतरी अडकले, त्याच्यासाठी ते आहेत. ते दिवस लोक पाकीट लपवण्यात घालवतात आणि मला त्याचा फार त्रास होतो. तुम्ही ते वेल्डिंग रॉडच्या डब्याखाली ठेवलं होतंत.

पाकीट न घेऊनही काही साधत नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत गेली तरी ती मिळाली असंच कोर्ट धरतं. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. त्याच निकालात एक दारही ठेवलं आहे : नोटीस खरोखर मिळालीच नाही असं ज्याचं म्हणणं असेल, त्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरावी आणि कोर्टाला तसं सांगावं.

चेक हरवल्याची खोटी तक्रार तर मुळीच देऊ नका. तुमचा चेक शेठच्या हातात आहे, तुमच्या चेकबुकाच्या पानावर तुमच्याच अक्षरात त्यांचं नाव, तारीख, रक्कम आहे, आणि मार्चमध्ये तुम्ही त्यांनाच पैसे पाठवल्याचं बँकेच्या उताऱ्यावर दिसतं. खोटी तक्रार हा वेगळा गुन्हा आहे. ‘स्टॉप पेमेंट’ करूनही सुटका नाही. गुजरातमधूनच वर गेलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सांगितलं की पेमेंट थांबवलं, सही जुळली नाही, खातं बंद केलं, अशी कारणंही याच कलमात बसू शकतात. चेक परत करताना बँक कारणाची चिठ्ठी देते, त्या रिटर्न मेमोवर ‘पुरेशी शिल्लक नाही’ हेच शब्द असायला हवेत असं नाही.

तुमच्या पत्नीबद्दल. खातं जोडीचं असलं तरी चेकवर सही तुमची एकट्याची आहे, आणि ज्याने सही करून चेक दिला त्याच्यावरच हा खटला चालतो. जोड खातेदार म्हणून केवळ नाव आहे एवढ्यावर पत्नीला आरोपी करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं. नोटिशीत तिचं नाव घातलं आहे ते दडपण आणायला. उत्तर देताना हे स्पष्ट लिहायचं. पण तिला कायदा धरत नाही म्हणून तिला सांगायचं नाही, हे मला पटलं नाही, आणि मी फोनवर तसं म्हणाले. नोटिशीवर तिचं नाव छापलेलं आहे. ती तिची पण नोटीस आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं माझ्याकडे आलात. वहिनींनी पाकीट उलटसुलट केलं, पोस्टाचा शिक्का पाहिला आणि विचारलं, “पाच दिवस?” रकमेबद्दल त्यांनी त्यानंतर विचारलं. मग पिशवीतून घरखर्चाची वही काढली. शिवणाच्या ऑर्डरींचे आणि गणपतीतल्या मोदकांचे पैसे त्या रिकरिंगमध्ये टाकत होत्या, त्याची तुम्हाला कल्पनाही नव्हती. मी हे इथे लिहिते कारण पत्नीपासून लपवून ठेवलेल्या नोटिशी मी अनेक पाहिल्या आहेत, आणि घरात सांगितल्यावर पैशाची वाट निघाल्याचंही पाहिलं आहे. वहिनी पाटल्या गहाण ठेवायच्या म्हणत होत्या. मी म्हटलं, ते शेवटी, आधी जे तुमचं येणं आहे ते गोळा करा.

आता तुमच्या बाजूचा खरा मुद्दा. चेक दिल्यानंतर तुम्ही १ लाख २० हजार भरलेत. म्हणजे चेक बँकेत टाकला त्या दिवशी देणं २ लाख ६० हजारांचं होतं आणि चेक होता ३ लाख ८० हजारांचा. अशा वेळी चेकवरच ‘इतके मिळाले’ अशी नोंद करून उरलेल्या रकमेसाठी तो टाकायचा असतो, कलम ५६ मध्ये तशी सोय आहे. नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला आणि पूर्ण रकमेचीच नोटीस दिली, तर त्या चेकवर कलम १३८ लागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे ठरवलं, आणि तोही खटला आपल्या गुजरातचाच होता. चेक वीस लाखांचा होता, मध्ये चार लाखांच्या वर परत केले होते.

हे ऐकून तुमचा चेहरा खुलला तो मला दिसला. म्हणून लगेच पुढचं विचारलं : मार्चनंतर त्यांच्याकडून आणखी माल उचललात का? त्यांनी व्याज लावलं आहे का? कारण खातं चालू असेल आणि नव्या बिलांनी देणं पुन्हा चेकच्या रकमेपर्यंत गेलं असेल तर हा मुद्दा उरत नाही. तुम्ही नाही म्हणालात, बिलांची फाईल दाखवलीत, तेव्हा मुद्दा पक्का झाला. पण तो कोर्टात वापरायचा बचाव आहे. त्याने २ लाख ६० हजारांचं देणं पुसलं जात नाही. शेठनी दिवाणी दावा केला तर ते द्यावेच लागतील, व्याजासकट. पत्रा तुम्ही वापरला आहे. त्यांनाही वरच्या गिरणीचे पैसे भरायचे आहेत. त्यांच्या घरीही रात्रीची झोप उडाली असेल.

कोऱ्या चेकचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. लोक समजतात, रकमेची जागा रिकामी आहे, अक्षर माझं नाही, म्हणजे मी मोकळा. तसं नाही. सही करून स्वतःहून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी, तो देण्यापोटीच दिला होता असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे पुराव्याने दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल याबाबत स्वच्छ आहे. ‘सिक्युरिटी’ असं मागे लिहिलं म्हणूनही तो कागद रद्दी होत नाही, देणं थकलं की तो बँकेत जाऊ शकतो. दिलाच असेल तर चेकचा नंबर घालून कशासाठी दिला ते लिहून घ्या आणि देणं फिटलं की तो कागद परत हातात घ्या. मांडवीपासून मकरपुऱ्यापर्यंत किती तिजोऱ्यांत असे सही केलेले कोरे चेक पडून असतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

२ मे रोजी आपण नोटिशीला उत्तर पाठवलं. एक पान. १ लाख २० हजार कोणत्या तारखेला भरले, त्याचा व्यवहार क्रमांक, बाकी २ लाख ६० हजार मान्य, पत्नीची सही नाही, आणि तडजोडीची तयारी. शिवीगाळ नाही, ‘तुमची नोटीस खोटी’ वगैरे नेहमीची वाक्यं नाहीत. मग तुम्ही दोघं पेढीवर गेलात. शेठ आधी बसा म्हणाले नाहीत, असं वहिनींनी नंतर सांगितलं. वहिनींनी रिकरिंग मोडून आलेले आणि तुम्ही एका जुन्या गिऱ्हाइकाकडून सोडवून आणलेले, असे मिळून १ लाख ४० हजार त्यांच्या समोर मोबाईलवरून भरले, तेव्हा चहा आला.

९ मे रोजी पेढीच्या लेटरहेडवर लिहिलं गेलं : आधी १ लाख २० हजार मिळाले, आज १ लाख ४० हजार मिळाले, उरलेले १ लाख २० हजार जून, जुलै, ऑगस्ट अशा तीन हप्त्यांत, प्रत्येकी ४० हजार, बँकेतून. ३१ मार्चचा चेक आणि कोरा चेक परत. या चेकवरून कोणतीही तक्रार करणार नाही. खाली शेठची सही आणि पेढीचा शिक्का. शेठ हप्त्यांचे तीन नवे चेक मागत होते. ते तुम्ही दिले नाहीत हे फार बरं केलंत. तडजोडीत दिलेला चेक पुन्हा परत आला तर त्यावर नवा खटला उभा राहतो, जुन्या तडजोडीचा आधार उरत नाही. ज्या तारखेला खात्यात पैसे असतील याची स्वतःला खात्री नाही, त्या तारखेचा चेक कुणालाही द्यायचा नाही, सासऱ्यालासुद्धा नाही.

तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, पंधरा दिवस निघून गेले असते आणि केस उभी राहिली असती, तरी सगळं संपलं नसतं. कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा कोणत्याही टप्प्यावर आपसांत मिटवता येतो, अपिलातसुद्धा. फक्त जितका उशीर तितका खर्च चढत जातो. २०१८ पासून कोर्ट खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं, आणि शिक्षा होऊन अपील केलं तर दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम आधी भरण्याचा आदेश होऊ शकतो. लोक अदालतीत तर अशी प्रकरणं ढिगाने निघतात. तिथे जाताना पैसे नाहीत म्हणून लाजू नका, हप्ते किती झेपतील ते खरं सांगा.

राहता राहिली ती कंपनी, जिने तुमचे पैसे अडकवले. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, माल देण्याच्या आधीपासूनची आहे असं तुम्ही सांगितलंत. मग सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तिने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवे होते. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. अशा थकलेल्या पैशांसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे अर्ज करा, तो हे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. मोठं गिऱ्हाईक नाराज होईल ही तुमची भीती मला समजते. पण त्या गिऱ्हाइकासाठी तुम्ही जवळजवळ कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे राहिला होतात. निदान एक लेखी स्मरणपत्र या आठवड्यात जाऊ द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, रावपुऱ्यात राहते. भाचीच्या नवऱ्याला घराच्या डिपॉझिटसाठी दीड लाख बँकेतून पाठवले होते. परतफेडीचा १० एप्रिलचा चेक त्याने दिला, तो १६ एप्रिलला परत आला. तो “पुढच्या आठवड्यात, मावशी” म्हणत राहिला आणि महिना उलटला. आता ओळखीचे म्हणतात, तीस दिवसांत नोटीस दिली नाहीत, हक्क गेला. शिवाय तो पुण्याला राहतो. या वयात पुण्याच्या कोर्टात कुठे जाऊ?

उत्तर : बाई, हक्क गेलेला नाही. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते हे खरं, आणि ती मुदत हुकली हेही खरं. पण चेक तारखेपासून तीन महिने चालतो. २०१२ च्या एप्रिलपासून सहाचे तीन झाले. म्हणजे तुमचा चेक अजून जिवंत आहे, आणि तो पुन्हा बँकेत टाकता येतो. दुसऱ्यांदा परत आला की तिथून नवे तीस दिवस मिळतात. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हे मान्य केलं आहे. जूनचा तिसरा आठवडा ओलांडू देऊ नका, मुदतीच्या शेवटच्या दिवशी बँकेच्या रांगेत उभं राहणं नको. बँकेचा रिटर्न मेमो मागून घ्या आणि पाकिटात नीट ठेवा. बँकेतून दीड लाख गेल्याचा उतारा आजच काढून ठेवा.

पुण्याला जायची गरज नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, तुमचं खातं ज्या शाखेत आहे आणि जिथे तुम्ही चेक जमा केलात, त्या भागाच्या कोर्टात तक्रार करायची. तुमचं खातं रावपुऱ्यातलं, तेव्हा वडोदऱ्यातच. यायचं त्याला आहे.

एक विनंती. चेक टाकायच्या आधी भाचीला फोन करा, तिच्या नवऱ्याला नको. तुम्ही लिहिता की तिला हे माहीत आहे की नाही तुम्हाला ठाऊक नाही. तिला तारखेसकट सांगा, की या दिवशी मी चेक टाकते आहे. मग टाका. फोन केलात म्हणून थांबू मात्र नका. मावशीचे दीड लाख म्हणजे पेन्शनीतून साठवलेली वर्षं आहेत.

प्रश्न : बाईकच्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप जातो. दोनदा शिल्लक नव्हती म्हणून गेला नाही. फायनान्सवाल्याचा माणूस फोनवर म्हणतो, चेक बाउन्ससारखीच केस होईल. चेक तर मी दिलाच नाही. तो घाबरवतो आहे का? (वय २४, फतेगंज)

उत्तर : घाबरवत असेलही, पण खोटं बोलत नाही. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने गेला नाही, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम २५ खाली तसाच गुन्हा होतो. तीस दिवसांत लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुपटीपर्यंत दंड, सगळं तेच. फोनवर धमकी म्हणजे नोटीस नव्हे. पण लेखी काही आलं तर त्याच दिवशी तारीख घालून ठेवा.

तुमचा पगार सात तारखेला होतो आणि हप्ता पाच तारखेला जातो, असं तुम्हीच लिहिलं आहे. कंपनीला ईमेल करून हप्त्याची तारीख दहा करून मागा, राहिलेले दोन हप्ते भरा आणि भरल्याची पावती ईमेलवर मागून घ्या. हे या महिन्याच्या पगारातच करा.